आईच्या घरचा लँडलाइन: तांब्याची तार काढू द्यावी का?

माडाची_पात | ९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं मन मोकळंही करायचं आहे.

दापोली तालुक्यात, हर्णैच्या उत्तरेला आमचं गाव. घरी आई एकटी असते, वय ७८. गेल्या आठवड्यात टेलिफोनवाल्यांचा माणूस येऊन सांगून गेला की तांब्याची लाइन आता राहणार नाही. फायबर घ्या, नाहीतर कनेक्शन सरेंडर करा. भाऊ म्हणतो सरेंडर करू. आईकडे मोबाइल आहे, त्यावर ती नातवंडांना बघते, रोज सकाळी सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवते, मग आणखी एक बिल कशाला? हिशेबाने त्याचं बरोबर आहे. आई यावर काहीच बोलली नाही. फक्त एकदा विचारलं, "नंबर जाईल का गो?"

आमच्याकडे फोन आला १९९१ साली. बाबांनी अर्ज केला तेव्हा मी चौथीत होते, फोन वाजला तेव्हा दहावीत. तो बाबांनी माजघरात ठेवला नाही, ओटीवर ठेवला, कारण पहिल्या दिवसापासून तो वाडीचाच होता. अकरा घरांतल्या चाकरमान्यांनी आमचा नंबर मुंबईला लिहून नेला होता. नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या पत्रिकेत, इस्पितळाच्या केसपेपरवर आमचा नंबर आणि पुढे 'पीपी', म्हणजे शेजाऱ्याकडचा फोन. फोन आला की आई आधी विचारायची, "दहा मिनिटांनी परत करशील ना?" मग गडग्यापाशी जाऊन खालच्या घराच्या दिशेने कुकारा घालायची. भाताची पेज गॅसवर असो नाहीतर हात शेणाचे असोत.

माणूस घरात नसेल तर निरोप लिहून घ्यायचा. त्यासाठी खिळ्याला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही होती. त्यातल्या काही ओळी मला आजही पाठ आहेत. "खालच्या घरी सांगणे, शनिवारच्या रातराणीने येतो, होडीवर कोणी पाठवू नये." "मधल्या घरी, मुलगी झाली, दोघी बऱ्या." एका पानावर आईने फक्त "वरच्या घरी" एवढंच लिहिलं होतं आणि पुढे कोरं होतं. तो निरोप तिने लिहिला नाही, स्वतः जाऊन सांगितला.

माझे प्रश्न दोन. फायबर घेतलं तर नंबर तोच राहतो का? आणि वीज गेली की फोन चालतो का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. जाणकारांनी सांगावं. आणि तुमच्या घरच्या फोनचं काय झालं तेही लिहा.

---

रानवारा | ९ जून, रात्री १०.१५

ताई, सरेंडर करा. आम्ही २०१५ मध्येच केला. शेवटची तीन वर्षं तो फक्त कर्जवाल्यांसाठी आणि विमावाल्यांसाठी वाजत होता. रस्ता खोदला की लाइन डेड, तक्रार केली की पंधरा दिवस. जे चालत नाही त्याचं भाडं भरत राहण्यात अर्थ नाही.

---

अठ्ठेचाळीस_व्होल्ट | १० जून, सकाळी ७.०५

ताई, मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांत. तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिच्याशीच जोडलेला आहे. जुना फोन घरच्या विजेवर चालत नव्हताच. प्रत्येक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे टेलिफोन केंद्रात, दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले असायचे, म्हणजे ४८ व्होल्ट. मोठ्या पाण्याच्या टाक्यांसारखे दिसणारे लेड-ॲसिडचे सेल. ती वीज तांब्याच्या जोडीतून तुमच्या ओटीपर्यंत यायची आणि त्यावर तुमचा फोन बोलायचा. गावात मिट्ट काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन मिळायचा, त्याचं कारण हे. बॅटरीरूममध्ये रोज हायड्रोमीटरने ॲसिडची घनता बघणं, डिस्टिल्ड वॉटर घालणं, प्रत्येक सेलची नोंद रजिस्टरमध्ये करणं हे आमचं काम होतं. मोबाइलमध्ये चार्जिंग किती उरलंय याची काळजी आज तुम्ही करता, तीच काळजी तेव्हा तुमच्या वतीने आम्ही करत होतो.

रिंग वाजताना त्याच तारेवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी करंट येतो. खांबावर चढलेला लाइनमन दातांनी तार सोलत असला आणि नेमका कुणी त्या नंबरला फोन लावला, तर त्याला काय झटका बसतो ते ज्याला बसला त्यालाच माहीत. पावसात ओल्या हातांनी तर विचारूच नका. जुन्या केबलमध्ये तारांवर कागदाचं वेष्टन असायचं. पाणी शिरलं की सगळ्या लाइन खरखरायच्या, एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू यायचं. पुढे जेली भरलेली केबल आली आणि पावसाळे थोडे सुसह्य झाले.

तुमच्या गावात १९९१ मध्ये फोन आला तो बहुतेक सी-डॉट या सरकारी टेलिकॉम संशोधन संस्थेच्या एक्स्चेंजमुळे. मुंबईत पहिलं एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं आणि तरी खेड्यात फोन पोचायला शंभर वर्षं लागली, कारण मोठ्या एक्स्चेंजला वातानुकूलित इमारत लागायची, ती गावोगाव कुठून आणणार? १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं आणि त्यांनी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. धूळ, उकाडा, कमीजास्त होणारी वीज सगळं सोसणारं, एसीशिवाय चालणारं. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत बसायचं. अशी कितीतरी एक्स्चेंज मी स्वतः सुरू करून दिली आहेत. पहिला कॉल सरपंच लावायचे आणि बाहेर सगळं गाव उभं असायचं.

तुमच्या नेमक्या प्रश्नांचं उत्तर संध्याकाळी लिहितो, आता दूध आणायला जायचं आहे.

---

पिवळी_पाटी | १० जून, दुपारी १.३०

काका, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचं घर तुमच्या त्या तारांवरच चाललं.

बाबांना लहानपणी पोलिओ झाला होता. अपंगांना पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोन, देताना प्राधान्य असायचं, त्यातून १९९० मध्ये त्यांना मिरजेत परगावी फोन लावून देणारा एसटीडी बूथ मिळाला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विजापूर, बेळगाव, सोलापूर, कोकण, सगळीकडून पेशंट येतात. आमचा बूथ एका मोठ्या इस्पितळाच्या समोर होता. पिवळी पाटी, आत काचेची केबिन, केबिनमध्ये छोटा पंखा, आणि बाबांच्या टेबलावर तांबड्या आकड्यांचा मीटर. माणूस बोलत असताना ते आकडे पळायचे आणि बाहेर उभ्या नातेवाइकांचे डोळे त्यांच्यावर. पैसे संपत आले की ते काचेवर टकटक करायचे. फोन ठेवला की मीटरमधून करकर करत चिठ्ठी बाहेर यायची.

रात्री अकरानंतर परगावच्या फोनला पाव दर. त्यामुळे खरी गर्दी अकराला. पावणेअकरापासून लोक पायरीवर बसायचे, हातात घडी घातलेल्या कागदावर नंबर. बऱ्याच जणांना लिहिता-वाचता यायचं नाही, बाबा नंबर लावून द्यायचे. बेळगाव ०८३१, विजापूर ०८३५२, सोलापूर ०२१७, रत्नागिरी ०२३५२, त्यांना डायरी उघडावी लागत नसे. मला पाढ्यांच्या आधी हे कोड पाठ झाले.

केबिनमध्ये पहिल्यांदा स्टूल नव्हतं. मी सहावीत होते तेव्हा एक बाई फोनवर बोलता बोलता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. ऑपरेशन थिएटरमधून त्यांचा मुलगा परत आला नव्हता आणि त्या घरी काय सांगायचं ते शोधत होत्या. रिसीव्हर दोरीवर लोंबत होता, पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. बाबांनी कुबडी बाजूला ठेवून, भिंत धरत आत जाऊन रिसीव्हर हातात घेतला आणि स्वतः सांगितलं. कन्नडमध्ये, जेवढी येत होती तेवढ्या कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल आणलं. पुढे असे निरोप त्यांनी कितीदा दिले असतील, मोजदाद नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं, अशा वेळी सांगणारा आवाज स्थिर पाहिजे.

मग दिवस बदलले, आणि फार पटकन बदलले. १ मे २००३ पासून मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात ५०१ रुपयांत मोबाइलची योजना आली आणि रिक्षावाल्यांच्या खिशात फोन दिसू लागले. २००६ च्या मार्चमध्ये देशभरात एका रुपयात एक मिनिट एसटीडी सुरू झालं, तेव्हा बाबा म्हणाले, आता पाव दराला अर्थ उरला नाही. २००७ मध्ये बूथ बंद केला. तिथेच रिचार्ज कूपन आणि झेरॉक्स. दहा रुपयांचं कूपन नाण्याने खरवडून देताना त्यांचा हात तसाच चालायचा, पण बोलणं बंद झालं होतं. गिऱ्हाईक आकडा घेऊन निघून जायचं.

मोबाइलने त्या नातेवाइकांचं भलंच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अकरा वाजेपर्यंत पायरीवर कुडकुडत बसणं हे काही चांगलं नव्हतं. पण ताईंच्या वहीतलं ते कोरं पान वाचलं आणि बाबा आठवले. स्टूल अजून आमच्या घरी आहे.

---

माडाची_पात | १० जून, दुपारी ३.१०

पिवळी_पाटी, काय लिहू? आईला फोन करून तुमची पोस्ट वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांग."

---

हडसनकाठ | १० जून, रात्री ११.५० (न्यू जर्सी)

मी १९९४ मध्ये इकडे आलो. तेव्हा भारतात फोन म्हणजे मिनिटाला डॉलरच्या वर, म्हणून महिन्यातून एक रविवार ठरलेला. नाशिकला शेजाऱ्यांकडे आई-बाबा, बहीण, मावशी असे सगळे आधीच येऊन बसायचे आणि प्रत्येकाला एक मिनिट मिळायचं. आई तिचं मिनिट "जेवतोस ना?" एवढं विचारून मावशीला देऊन टाकायची. पुढे इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कॉलिंग कार्डं आली. खरवडायचं, लांबलचक पिन दाबायचा, मग बाई सांगणार किती मिनिटं उरली. आज व्हिडिओ कॉल फुकट आहे, आई-बाबा नाहीत. त्या शेजाऱ्यांचा सहा आकडी नंबर मला अजून पाठ आहे.

---

सातपुड्याची_पोर | ११ जून, सकाळी ८.२०

सगळ्यांच्या आठवणी मनापासून वाचल्या. पण एक बाजू राहतेय ती मांडते.

मी धडगाव तालुक्यातली, नंदुरबार जिल्हा. आमच्या पाड्यावर तार आलीच नाही. ना खांब, ना डबा. एसटीडी बूथ बघायचा तर तालुक्याच्या गावी. त्यामुळे 'लँडलाइनचा काळ' नावाचं काही आमच्या वाट्याला आलं नाही. आम्ही एकदम मोबाइलवरच आलो, आणि तोही उशिरा. आमच्या गावात पहिला मोबाइल आला तो बॅटरी लावून शेतात फिरायला उपयोगी म्हणून, नोकिया ११००. रेंज नव्हतीच, पण टॉर्च होता.

रेंजसाठी पाड्याच्या वरच्या अंगाला एक खडक आहे. तिथे उभं राहिलं की कधी आपल्याकडचा, कधी गुजरातचा टॉवर पकडतो. कोरोनात माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष त्या खडकावर झालं. रेशन दुकानदार अंगठ्याचं मशीन तिथेच घेऊन यायचा, म्हाताऱ्या बायांना तांदळासाठी टेकडी चढावी लागायची. माझ्या आजीला दोन माणसांनी धरून वर नेलं, अंगठा लागला नाही, पुन्हा खाली आणलं.

म्हणून माडाची_पात ताईंना माझं सांगणं, फायबर दारात येत असेल तर घ्या. दारात आलेली तार परत पाठवू नका.

---

रानवारा | ११ जून, सकाळी ९.००

वरची पोस्ट वाचून माझं मत बदललं. मी पुण्यात बसून सरेंडर करा म्हणालो, तिथे चार नेटवर्कची रेंज आहे. कोकणात एकटी आई असेल तर दुसरी सोय हवीच.

---

अठ्ठेचाळीस_व्होल्ट | ११ जून, सकाळी १०.३०

काल संध्याकाळी लिहितो म्हणालो होतो, घरी पाहुणे आले.

सातपुड्याची_पोर, तुमचं म्हणणं रास्त आहे. देशात लँडलाइन सर्वात जास्त होते तेव्हा, २००६ च्या आसपास, सुमारे ५ कोटी होते, आणि त्यातही शहरांचा वाटा फार मोठा. मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली ती २००४ मध्ये. म्हणजे आम्ही अजून अर्धा देशही जोडला नव्हता, तेवढ्यात तारेचा काळ सरला. पुढे २०२० पर्यंत लँडलाइन २ कोटींच्या आसपास आले. गंमत म्हणून नाही, आनंदाने सांगतो, आता आकडा पुन्हा ३ कोटींच्या वर गेला आहे. कारण फायबर. लोक इंटरनेटसाठी घेतात आणि फोन त्याच्यासोबत येतो.

आता ताईंचे प्रश्न. त्याच कंपनीचं फायबर घेत असाल तर जुना नंबर ठेवता येतो, पण अर्ज करतानाच लेखी मागा. आधी सरेंडर आणि मग नवीन अर्ज असं अजिबात करू नका, नंबर गेला तर परत मिळवणं कठीण.

वीज. फायबर म्हणजे काच, त्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे तुमच्या घरातला फायबरचा डबा तुमच्याच विजेवर चालणार. घरचे दिवे गेले की फोन मुका. यावर उपाय म्हणजे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, राउटरसाठी मिळतो तो. चांगला असेल तर तीन-चार तास ओढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर डबा त्याच्या लाइनवर घ्या. दोन दिवसांच्या अंधाराला मात्र हे पुरणार नाही, तेव्हा मोबाइल आणि पॉवर बँक हेच. दोन्ही ठेवा म्हणतो ते यासाठी.

जुना फोन टाकू नका. डब्याला मागे फोनचं भोक असतं, त्यात साधा बटणांचा फोन लागतो. गोल डायलचा असेल तर त्यावरून नंबर फिरवता येईलच असं नाही, पण घंटा वाजायला हरकत नसावी. ऐकायला कमी येत असेल तर ती जुनी घंटा फार कामाची.

आणखी एक. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून. अनेक वयस्कर मंडळींना हे कुणी सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं फोन बिघडला. आईंना सांगून ठेवा.

---

माडाची_पात | ११ जून, रात्री ८.४५

काका, तुमचे उपकार. शून्याचं तेच झालं होतं! आई वर्षभर म्हणत होती की फोनवरून मुंबई लागते, तू लागत नाहीस. मुंबईचे लँडलाइन लागत होते आणि माझा मोबाइल लागत नव्हता, हे आज कळलं. मी तिला दर वेळी "राहू दे, मीच करते" म्हणून गप्प केलं, याचं फार वाईट वाटतंय.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही गेले. माड आणि पोफळी तारांवर पडल्या होत्या, टॉवर बंद होता. मी पुण्यात, भाऊ ठाण्यात, लॉकडाउन, निघता येईना. तीन दिवस आई आहे की नाही कळलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. वाडीतला एक मुलगा झाडं तोडत, मोटारसायकल ढकलत खेडपर्यंत गेला होता. त्याच्याकडे वहीचा कागद होता, त्यावर अकरा घरांचे नंबर आणि प्रत्येकासमोर एक ओळ. तो एकेकाला फोन लावून वाचून दाखवत होता. माझ्यासमोरची ओळ होती, "आई बरी, कौलं गेली, पडवी पडली, जेवण आहे, येऊ नये."

कागद आमच्याच वहीचा होता. आईने लिहून दिला होता. भाऊ आजपर्यंत म्हणत होता की वादळात लँडलाइनही गेलाच ना, मग काय उपयोग? मला त्याला उत्तर देता येत नव्हतं. पण ते अकरा नंबर आईकडे होते ते त्याच फोनमुळे. मोबाइलमध्ये असते तर त्या दिवशी चार्जिंगसोबत संपले असते.

---

गिरगावकर_वहिनी | १२ जून, सकाळी ६.३०

२६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात आमच्याकडे थोडं वेगळं. मोबाइल लागत नव्हते, घरचा लँडलाइन चालू होता. सासूबाई रात्रभर फोनजवळ पाट टाकून बसल्या आणि अख्ख्या चाळीतले कोण कुठे अडकलेत ते भिंतीवर खडूने लिहीत गेल्या. कोण दादरला शाळेत, कोण कुर्ल्याला बसच्या टपावर. पहाटेपर्यंत सगळ्या नावांसमोर फुली पडली, तेव्हा त्या झोपल्या. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा, सगळ्यांनाच सांगते.

---

माडाची_पात | २ जुलै, रात्री ९.१५

बरेच दिवसांनी लिहितेय, माफ करा. गेल्या आठवड्यात गावी जाऊन आले. फायबर लागलं. नंबर तोच राहिला, काकांनी सांगितल्याप्रमाणे लेखी मागितला आणि ती प्रत जपून ठेवली. यूपीएस भावाने स्वतः आणला. परवा वीज गेली तेव्हा सव्वातीन तास चालला.

कपाटावरचा गोल डायलचा काळा फोन पुसून जोडून बघितला. डायल फिरवला तर काही होत नाही, पण घंटा वाजते, आणि काय वाजते! अंगणाच्या टोकापर्यंत. करायचा असेल तेव्हा आई मोबाइलवरून करते. त्याच्याशेजारी भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत सगळ्यांचे नंबर लिहून लावलेत, एक पान तिच्या डब्यात.

तांब्याची तार काढायला आलेल्या मुलाकडून आईने वीतभर तुकडा मागून घेतला आणि देवघरातल्या तसराळ्यात ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

मी निघायच्या दिवशी सकाळी पहिला फोन आला. खालच्या घरचा, जो रातराणीने यायचा तो. आता विरारला असतो, रिटायर झालाय. त्याच्या बहिणीच्या घरात रेंज नाही, म्हणून आईला म्हणाला, "काकू, ताईला सांगाल का, रविवारी येतोय." वही वादळात भिजून गेली, त्यामुळे आईने कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत लिहिलं. मग चष्मा काढून ठेवला, गडग्यापाशी गेली आणि कुकारा घातला.